पहाटे मांजर-कुत्रा झोपू देत नाही? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक घरांत एकाच धाटणीची असते. मांजर आधी सहाला उठवायचं, मग साडेपाचला, आता पावणेपाचला. रागावून झालं, खोलीबाहेर काढून झालं, वैतागून मूठभर खाणं टाकून पुन्हा आडवं होऊनही झालं. चार दिवस बरे जातात आणि मग उशाशी पुन्हा तेच. कुत्र्याच्या घरात फरक इतकाच, की तो छातीवर येऊन बसत नाही. पलंगाच्या कडेला उभा राहून शेपूट आपटत राहतो आणि ओलं नाक तुमच्या कोपराला लावतो.

अशा वेळी लोक जनावराचा स्वभाव शोधायला लागतात. हट्टी आहे, लाडावलंय, मुद्दाम करतंय. त्याने हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक कागद घ्या आणि जाग आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय काय करता ते क्रमाने लिहा. उदाहरणार्थ: मोबाईल पाहिला, दिवा लावला, बाथरूमला जाऊन आलो, चहाचं आधण ठेवलं, दार उघडून दुधाची पिशवी आत घेतली, ओट्याखालच्या कपाटातून कॅटफूडचा डबा काढला. या यादीत जनावराच्या कामाची जी पहिली गोष्ट येते, बहुतेक वेळा त्यासाठीच तुम्हाला उठवलं जातं. डबा असेल तर भूक. दार असेल तर बाहेरचा फेरफटका. दोन्ही नसेल आणि तुम्ही पडल्यापडल्या त्याचं डोकं खाजवत असाल, तर तेच. उपाय प्रत्येकाचा वेगळा, म्हणून ही यादी आधी.

मांजर आणि कुत्रा एकत्र असतील तर यादी दोघांची वेगवेगळी करा. पुष्कळ घरांत मांजर उठवतं खाण्यासाठी आणि कुत्रा उठतो मांजर उठलं म्हणून.

अचानक सुरू झालं असेल तर

वर्षानुवर्षं रात्रभर झोपणारं जनावर एकाएकी रात्री-पहाटे ओरडायला लागलं, तर पुढचे उपाय बाजूला ठेवा आणि व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, जा. दहाच्या पुढच्या वयाच्या मांजरांत थायरॉईड वाढणं सर्रास आढळतं. मांजर भरपूर खातं तरी वाळत जातं, सारखं फिरत राहतं आणि रात्री मोठ्या आवाजात ओरडतं. टी४ ही साधी रक्ततपासणी केली की बहुतेक वेळा कळतं, आणि यावर औषध आहे. मूत्रपिंडं कमजोर झाली की पाणी पिणं आणि लघवी दोन्ही वाढतात. रक्तदाब वाढला, नजर किंवा कान गेले तरी म्हातारी मांजरं अंधारात बावरून हाका मारतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत दिवस-रात्रीची अदलाबदल होते. दिवसभर झोप, रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहणं. याला वय झालं म्हणून सोडून देऊ नका, व्हेट यावर बरंच काही करू शकतात. सांधेदुखी, मधुमेह, लघवीचा संसर्ग हेही त्याच भेटीत तपासून घ्या.

एका गोष्टीसाठी मात्र सकाळ होण्याचीही वाट पाहू नका. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या खोक्यात) जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंबही येत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्रीचा दवाखाना शोधा आणि निघा.

नसबंदी न झालेली भाटी (मादी मांजर) पहाटे घसा फाडून ओरडत असेल, जमिनीवर लोळत असेल, मागचा भाग वर करून पावलं आपटत असेल, तर ती माजावर आली आहे. वेळापत्रक बदलून तिला काही फरक पडणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा होत राहतं. ऑपरेशन करून घेणं हाच उपाय. बोक्याचंही करा, म्हणजे तोही खिडकीशी उत्तरं देत बसणार नाही.

भूक, म्हणजे बहुतेकांचं प्रकरण

ठरलेल्या वेळी खाणं मिळालं की जनावराचं शरीर त्या वेळेच्या आधीच जागं होऊ लागतं. कर्ट रिक्टर या शास्त्रज्ञाने १९२२ साली उंदरांवर काम करताना हे नोंदवलं होतं: जेवणाची वेळ जवळ आली की त्यांची चुळबुळ वाढायची. १९७० च्या दशकाअखेर असंही दिसलं, की मेंदूतलं मुख्य घड्याळ समजला जाणारा भाग नष्ट केलेल्या उंदरांतही जेवणाआधीची ही धांदल टिकून राहते. म्हणजे पोटाची वेळ सांभाळणारी यंत्रणा काही अंशी स्वतंत्र आहे. तुमच्या मांजराला सहाला खाणं मिळत असेल तर साडेपाचला ते सावध असणारच. त्यात त्याचा काही डाव नाही.

डाव आपल्या बाजूने सुरू होतो. सावध झालेलं मांजर साडेपाचला येऊन बघतं. तुम्ही वीस मिनिटं दाद देत नाही, मग कंटाळून पाच पन्नासला उठून वाटीत टाकता. मांजराच्या हिशोबी आता जेवणाची वेळ पाच पन्नास. उद्या ते त्याच्याही आधी सावध होणार. महिन्याभरात सहाचे पावणेपाच होतात ते असे. रोज फक्त काही मिनिटांचा फरक पडत असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात मांजर हा मुळात संधिप्रकाशात हिंडणारा प्राणी. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या शिकारीच्या वेळा. पोटही लहान, एकदा गच्च खाऊन बारा तास निघावेत अशी त्याची घडणच नाही. मोकळ्यावर राहणारं मांजर दिवस-रात्र मिळून दहा-वीस वेळा थोडं थोडं खातं. आपण त्याला रात्री आठला वाटी देतो आणि सकाळी सातची अपेक्षा धरतो.

उठवण्याची पद्धतही हळूहळू चढत जाते आणि ती निरखून पाहण्यासारखी असते. पहिल्यांदा उशीजवळ नुसतं बसून राहणं. मग गुरगुर. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब यांनी या गुरगुरीवरच संशोधन केलं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सुरुवात त्यांच्याच घरातल्या पेपो नावाच्या बोक्यापासून झाली, तो त्यांना रोज सकाळी असाच उठवायचा. खाणं मागणाऱ्या मांजराच्या गुरगुरीत नेहमीच्या खर्जाबरोबर एक बारीक, उंच सूर मिसळलेला असतो. त्याची कंपनसंख्या तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाते. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं अशांनाही ती गुरगुर जास्त निकडीची आणि कमी सुखाची वाटली. तेव्हा ‘नुसतं गुरगुरतंय, तरी झोप कशी मोडते’ याचं उत्तर इथे आहे.

गुरगुरीने भागलं नाही की नखं आत घेतलेला पंजा गालावर येतो. मग केस चाटणं. मच्छरदाणी लावली असेल तर मांजर तिच्यावर चढून पाळण्यासारखं झुलतं, किंवा जाळीला टेकलेला तुमचा अंगठा बाहेरून पकडतं. शेवटी टेबलावरची वस्तू. मांजर आधी औषधाची पट्टी ढकलतं, तिचा आवाज होत नाही. मग चष्म्याचं घर ढकलतं. मग स्टीलचं फुलपात्र, आणि ते पडताना तुमच्याकडे बघतं. जी वस्तू पडल्यावर तुम्ही उठलात, उद्या सुरुवात तिथून. म्हणून रात्री टेबल रिकामं ठेवणं हा फुकटातला आणि खरंच उपयोगी पडणारा उपाय आहे.

काय बदलायचं

खाणं आणि तुमचं उठणं यांचा संबंध तोडायचा. बाकी सगळे उपाय याच एका गोष्टीच्या आगेमागे आहेत.

सर्वात सोपी वाट टायमरवाल्या फीडरची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप खाणं टाकणाऱ्या यंत्राची. तो लावला की मांजर तुमच्याऐवजी फीडरसमोर जाऊन बसतं. सुरुवातीला वेळ लावताना लोक सातची लावतात आणि दोन दिवसांत फीडर निकामी ठरवतात. मांजर सध्या पावणेपाचला उठवत असेल तर पहिली वेळ साडेचारची लावा, म्हणजे तुमच्याकडे येण्याआधीच खाणं पडलेलं असेल. आठवडाभर तसंच चालू द्या. मग दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकवत न्या. मध्येच मांजर पुन्हा तुमच्याकडे आलं तर एक पायरी मागे या. सातपर्यंत पोचायला दीड-दोन महिने लागू शकतात, पण झोप पहिल्या आठवड्यापासून सुधारायला लागते, कारण साडेचारला खाऊन मांजर पुन्हा झोपतं.

आपल्याकडे फीडरला काही अडचणी येतात, त्या बाहेरच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. पहिली वीज. सेलचा पर्याय असलेलाच घ्या, नाहीतर पहाटे लाईट गेले की त्या दिवसाची मेहनत फुकट. दुसरी मुंग्या. फीडर पाण्याच्या परातीत ठेवायचा, आपण साखरेचा डबा ठेवतो तसा. तिसरी पावसाळा. दमट हवेत ड्राय फूड मऊ पडून तोंडाशी अडकतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फीडरमध्ये दोनच दिवसांचं भरा आणि बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्या. आणि फीडर झोपायच्या खोलीत नको. त्याच्या खडखडाटाने तुम्हीच उठाल, आणि मांजर तुम्ही उठलात याचीही नोंद घेईल.

घरचं मासे-भात किंवा चिकन खाणाऱ्या मांजराचं काय? आपल्या हवेत ते रात्रभर बाहेर ठेवता येत नाही. मुख्य जेवण रात्री झोपण्यापूर्वी द्या आणि पहाटेच्या फीडरपुरतं थोडंसं कोरडं खाणं चालू करा. दुधाच्या वाटीवर मात्र काट मारा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, आणि पहाटेच्या जुलाबासाठी उठणं हे भुकेसाठी उठण्यापेक्षा वाईट.

फीडर घ्यायचा नसेल तर क्रम बदला. उठल्याबरोबर वाटीकडे जायचं नाही. दात घासा, चहा घ्या, आंघोळ उरका, मग खाणं. अर्धा-पाऊण तास मध्ये गेला की ‘माणूस उठला म्हणजे खाणं आलं’ हे समीकरण ढिलं पडतं. याहून पक्कं करायचं असेल तर खाण्याआधी मोबाईलवर ठरावीक गजर वाजवा आणि तो वाजल्याखेरीज डबा उघडूच नका. काही दिवसांत मांजर तुम्हाला सोडून मोबाईलवर पाळत ठेवायला लागतं. रविवारीही गजर तोच. रविवारी उशिरा उठायचं असेल तर फीडरच बरा.

रात्रीची बाजूही सांभाळा. मांजराचा नैसर्गिक क्रम पाठलाग, पकड, खाणं, अंग चाटणं आणि झोप असा असतो. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं पिसाच्या काडीने किंवा दोरीने दमेपर्यंत पळवा, शेवटी एकदा पकडू द्या आणि लगेच वाटी भरा. साडेआठला जेवण आणि अकराला दिवा बंद, असा प्रकार असेल तर जेवण साडेदहावर न्या. नुसत्या एवढ्या बदलाने काही घरांत तास-दीड तास मिळतो. लेझरच्या ठिपक्याने खेळवत असाल तर शेवटी ठिपका खऱ्या खाऊवर नेऊन थांबवा, नाहीतर पकड झालीच नाही म्हणून ते तसंच चेकाळलेलं राहतं.

दुर्लक्ष करणं का फसतं

‘लक्ष देऊ नका, आपोआप बंद होईल’ हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या काळापासून हे ठाऊक आहे, की ज्या वागण्याला बक्षीस मिळत होतं ते एकाएकी थांबलं तर ते वागणं आधी जोरात वाढतं आणि मग ओसरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजर दुप्पट ओरडतं तो हा टप्पा. बहुतेक जण नेमके त्याच पहाटे हार मानतात. आणि कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय लागलेलं वागणं रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट असतं. नऊ दिवस गप्प पडून राहायचं आणि दहाव्या दिवशी उठून द्यायचं, यापेक्षा रोज दिलेलं परवडलं.

म्हणून नुसतं दुर्लक्ष सुरू करू नका. आधी फीडर किंवा रात्रीचं जेवण बसवा, मग दुर्लक्ष. आणि दुर्लक्ष म्हणजे खरंच दुर्लक्ष: डोळे मिटलेले, कूस नाही बदलायची, ‘ए, जा ना’ म्हणायचं नाही. रागावणं हेसुद्धा मांजराच्या लेखी ‘माणूस जागा झाला’ असंच असतं. पाण्याचा फवारा मारणं त्याहून निरुपयोगी. फवारा फक्त तुम्ही जागे असताना चालतो, म्हणजे त्याचं काम आधीच झालेलं असतं. वर घाबरट मांजर लपून राहायला लागतं ते वेगळं.

मोठ्या कुटुंबात खरी गंमत पुढेच असते. ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरात मुलगा-सून कडक नियम पाळत होते, फीडरही आणला होता, आणि बोका तरीही साडेचारला सगळ्यांच्या दारावर नखं घासायचा. आजोबा पहाटे फिरायला निघण्यापूर्वी आपल्या चहातलं दूध बशीत ओतून त्याला देत होते, हे बऱ्याच उशिरा उघड झालं. त्यावर घरात वादही झाला. माझं मत त्या आजोबांच्या बाजूचं आहे. ज्यांना तसंही साडेचारला उठायचंय, त्यांच्याकडेच सकाळचं खाणं अधिकृतपणे सोपवा, दुधाऐवजी कॅटफूडची वाटी हातात द्या आणि बोक्याची रात्रीची जागा त्यांच्या खोलीत करा. त्या घरात हे केल्यावर फीडर कपाटात गेला.

खिडकी, उजेड, आवाज

सगळी मांजरं भुकेसाठीच उठवत नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर पहाटे कबुतरं येऊन बसत असतील तर मांजराचा तो रोजचा कार्यक्रम असतो आणि तुम्हाला केवळ धावपळीने जाग येते. खिडकीच्या खालच्या भागाला पुठ्ठा किंवा दुधी फिल्म लावा, कबुतरांना दाणे घालणं बंद करा.

उन्हाळ्यात त्रास वाढतो त्याला साधं कारण आहे. जूनच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यात सव्वासातच्या आसपास. नागपुरात त्याच दिवशी मुंबईच्या जवळपास पंचवीस मिनिटं आधी. उजेड त्याच्याही वीस-पंचवीस मिनिटं आधी फुटतो, आणि कोकीळ मार्चपासून अंधारातच सुरू करते. मे महिन्यात साडेपाचला उठवणारं मांजर बिघडलेलं नसतं. जाड पडदा लावा. सोसायटीचा पाण्याचा पंप, घंटागाडी, पेपरवाल्याची धाडकन पडणारी घडी यांच्या वेळा टिपून पाहा. जागं होणं आणि तो आवाज यांत रोज तेवढंच अंतर असेल तर कारण सापडलं. रात्रभर पंखा चालू ठेवला तर बारीक आवाज बऱ्यापैकी झाकले जातात.

खोलीचं दार बंद करून झोपायचं असेल तर ते उठवून घेण्याआधी, झोपतानाच बंद करा. पहाटे तीनला बाहेर काढलं तर दार हा नवा खेळ होतो. दाराबाहेर खालच्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावलेला पुठ्ठा ठेवा, मांजरांना पावलांना चिकटणारं आवडत नाही. वन-आरके किंवा वन-बीएचकेमध्ये दार हा पर्यायच नसतो, तिथे सगळा भर रात्रीच्या खेळावर आणि फीडरवर ठेवा.

कुत्र्याचं वेगळं

मांजराला लावायचा नियम कुत्र्याला जसाच्या तसा लावू नका. त्याला लिटर बॉक्स नाही. पहाटे उठवणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करण्याआधी एक परीक्षा घ्या. पट्टा लावून खाली न्या आणि बघा. खाली पोचल्याबरोबर पहिल्याच झाडाशी लघवी केली तर त्याला खरंच लागली होती. पंधरा मिनिटं वास घेत, गाड्यांची टायरं तपासत फिरला आणि मग आठवण आल्यासारखं काहीतरी केलं, तर त्याला फिरायचं होतं.

खरंच लागली असेल तर रात्रीची शेवटची फेरी उशिरा न्या, साडेनऊची असेल तर अकराला. पाणी काढून घेऊ नका, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर अजिबातच नको. तीन-चार महिन्यांचं पिल्लू असेल तर ते रात्रभर धरू शकणारच नाही. त्याच्या आधी तुम्हीच गजर लावून उठा, मुकाट्याने बाहेर न्या, दिवा न लावता, न बोलता परत आणा. खेळ नाही, बिस्किट नाही. पिल्लू मोठं होत जाईल तसा गजर पुढे सरकवा.

पावसाळ्यातली एक तक्रार मी दरवर्षी ऐकते: जूनपर्यंत शहाण्यासारखा झोपणारा कुत्रा जुलैत चारला उठवतो. रात्रीच्या फेरीला पाऊस असतो, तो पायरीवरूनच मागे फिरतो, मग पहाटे दम निघत नाही. अंगावरच्या पावसाळी कोटापेक्षा कोरडी जागा महत्त्वाची. इमारतीच्या आडोशाला, छपराखाली, जिथे शेजाऱ्यांची हरकत नसेल अशी एक जागा उन्हाळ्यातच ठरवून त्याला सवय लावा. ज्यांच्याकडे बाल्कनी आहे त्यांनी तिथे गवताची चटई किंवा जुनी वर्तमानपत्रं वापरून पाहावीत.

फिरायचं होतं असं निघालं तर इलाज मांजरासारखाच. उठल्या उठल्या पट्टा हातात घ्यायचा नाही. पट्ट्याची कडी खुंटीवर वाजली की त्याची सकाळ सुरू होते, त्यामुळे पट्टा झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा. संध्याकाळची फेरी मोठी करा. दिवसभर एकटा घरात झोपून राहिलेला लॅब्रॅडॉर पहाटे ताजातवाना असणार, त्यात नवल काही नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कुत्रा पहाटे अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, गवत शोधतो आणि पिवळट फेसाळ ओकारी काढतो. बऱ्याचदा हे रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पोटात पित्त चढल्यामुळे होतं. संध्याकाळी सहाला एकदाच जेवण देणाऱ्या घरांत ते जास्त दिसतं. रोजच्या खाण्यातलाच थोडा वाटा झोपण्यापूर्वी द्या, पुष्कळदा तेवढ्याने थांबतं. थांबलं नाही, उलटीत रक्त दिसलं किंवा खाणं सुटलं तर तपासून घ्या.

पिंजऱ्यातले पक्षी आणि कोंबडा

बजरीगर, लव्हबर्ड यांना पहाटेच्या पहिल्या उजेडाला कलकलाट करायचाच असतो. पिंजऱ्यावर रात्री जाड पण हवा खेळेल असं कापड टाका आणि पिंजरा पूर्वेच्या खिडकीपासून हलवा. त्यांना दहा-बारा तास अंधार लागतो, म्हणजे रात्री टीव्हीच्या खोलीत पिंजरा ठेवून सकाळी शांततेची अपेक्षा करता येत नाही. आणि उठवणारा पक्षी आपला हिरवा देशी पोपट असेल तर अडचण झोपेपलीकडची आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तो पाळताच येत नाही.

कोंबड्यावर उपाय नाही. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही आपल्या अंगातल्या घड्याळाने पहाटेच्या सुमारास आरवतो. अंधार करून तो फसत नाही. खुराडं घरापासून लांब न्या.

काही किरकोळ, पण महत्त्वाचं

माणसांची झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी, ‘पाव गोळीने काय होतंय’ म्हणून काहीही देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉल विषारी आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. नाकाजवळ निलगिरी किंवा बाम लावून त्याला लांब ठेवायचा उपायही कुणी सांगेल, तोही नको.

अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्यांना वर्षातून दोनदा वेगळा त्रास होतो. तिथे घड्याळ एका रात्रीत तासाने सरकतं, मांजर सरकत नाही. शरद ऋतूत घड्याळ मागे गेलं की सहाला उठवणारं मांजर पाचला उठवतं. न्यू जर्सीत मार्च आणि नोव्हेंबर आला की आधीच्या आठवड्यापासून फीडरची वेळ रोज दहा मिनिटं हलवा, म्हणजे त्या रविवारी ते तुमच्याबरोबरच नव्या वेळेवर येतं.

गावी जाताना मांजर-कुत्रा कुणाकडे सोपवत असाल तर वाटीचं माप, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि ‘पहाटे ओरडलं तरी उठून देऊ नका’ हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. तोंडी सांगितलेलं पहिल्याच पहाटे विसरतात. परत आल्यावर घडी विस्कटलेली असेल तर फीडरची वेळ जनावर सध्या उठवतंय त्याच्या पंधरा मिनिटं आधीवर आणा आणि पुन्हा पुढे सरकवायला लागा. दुसऱ्या खेपेला बहुतेक जनावरं लवकर रुळतात.